हँडलोडिंग म्हणजे काय? रायफलची अचूकता कशी तपासतात आणि तीन गोळ्यांचा ग्रुप का फसवतो

माझा चुलत भाऊ बारावीला आहे आणि आठवड्यातून तीन दिवस गंगापूरहून एसटीने संभाजीनगरला जाऊन एका रेंजवर एअर रायफलची प्रॅक्टिस करतो. मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक माणूस गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हाताने काडतुसं भरतो, मग लांब पल्ल्यावर तीन गोळ्या मारतो आणि तिन्ही जवळजवळ एकाच भोकात. खाली भावाचा मेसेज: "दादा, हे घरी जमेल का? उपकरणं ऑनलाइन दिसतात."

मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करतो. दिवसभर पार्ट मोजायचे आणि ते एकसारखे निघतात का ते बघायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात दोन गोष्टी आल्या. पहिली, हे भारतात घरी करणं थेट तुरुंगाचं काम आहे. दुसरी, तीन गोळ्यांवरून त्या माणसाने जे सिद्ध केलं असं त्याला वाटतं, ते सिद्ध झालेलंच नाही.

या दोन्ही गोष्टी आज नीट समजून घेऊ.

या लेखात काय आहे:
• हँडलोडिंग म्हणजे काय
• वेगातल्या थोड्या फरकाने नेम किती हलतो
• भारतातला कायदा काय सांगतो
• आपले नेमबाज गोळी कशी निवडतात
• तीन गोळ्यांचा ग्रुप का फसवतो
• एअर रायफलचे छर्रे आणि तुमचा फोन वापरून खरी चाचणी कशी करायची

हँडलोडिंग म्हणजे काय?

मोठ्या रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू जळते, वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. पितळेची पुंगळी मागे उरते आणि ती पुन्हा वापरता येते.

हीच वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर लावून, दारू तोलून भरून, वर नवी गोळी बसवणं म्हणजे हँडलोडिंग. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हा कायदेशीर छंद आहे. लांब पल्ल्याचे नेमबाज पैसे वाचवण्यापेक्षा एकसारखेपणासाठी ते करतात.

ते नेमकं काय एकसारखं करतात?

• पुंगळ्या: एकाच लॉटच्या, एकाच लांबीला कापलेल्या, तोंडाची पकड सारखी असलेल्या.
• दारू: ग्रेनमध्ये तोललेली. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. सोनाराचा जुना तोळा १८० ग्रेनचा, यावरून अंदाज घ्या. हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात.
• गोळी: वजन आणि आकार सारखा, आणि पुंगळीत ती किती खोल बसवली तेही सारखं. गोळीपासून नळीतल्या आट्यांच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर बदललं की ग्रुप बदलू शकतो.
• प्रायमर: एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे.

मग दारू थोडी थोडी बदलत गोळ्या मारतात, क्रोनोग्राफने वेग मोजतात आणि कोणत्या मापाला वेग आणि ग्रुप सर्वात स्थिर आहे ते शोधतात. याला लोड डेव्हलपमेंट म्हणतात. कोणत्या गोळीमागे किती दारू, हे आकडे मी इथे देणार नाही. चुकीच्या मापाने नळीतला दाब इतका वाढू शकतो की रायफल तोंडासमोर फुटते.

वेगातला थोडा फरक एवढा महत्त्वाचा का?

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. गोळी नळीतून सुटली की त्या क्षणापासून खाली पडायला लागते. जितका जास्त वेळ हवेत, तितकी जास्त खाली. सूत्र साधं आहे: पडण्याचं अंतर म्हणजे ४.९ गुणिले वेळेचा वर्ग.

समजा एक गोळी ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली आणि दुसरी ७९० ने. फरक फक्त १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सव्वा टक्का. हवाच नाही असं धरून हिशोब केला तर:

• ३०० मीटरवर दुसरी गोळी पहिलीपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर खाली लागते.
• १००० मीटरवर हाच फरक साडेएकोणीस सेंटिमीटर होतो.

प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे तो आणखी वाढतो. अंतर सव्वातीन पट झालं आणि चूक अकरा पट. म्हणून लांब पल्ल्यावर एकसारख्या वेगासाठी एवढा जीव काढतात.

तापमानाचाही परिणाम होतो. गरम झालेली दारू सहसा जास्त जोरात जळते. मे महिन्यात आपल्याकडे चाळिशीच्या उन्हात अर्धा तास पडलेलं काडतूस आणि सावलीतलं काडतूस यांचा वेग सारखा येईलच असं नाही. म्हणजे माप कितीही नीट भरलं, तरी चाचणीच्या दिवशीचं ऊन हिशोबात धरावं लागतं.

भारतात हे घरी करता येतं का?

नाही. यात कसलीही पळवाट शोधू नका.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला लायसन्स लागतं. हे लायसन्स आणि बंदूक बाळगण्याचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात आजोबांच्या नावावर लायसन्सची बंदूक आहे म्हणून काडतूस भरायची परवानगी मिळत नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे "मी फक्त मशीन आणि रिकाम्या पुंगळ्या मागवल्या" हा बचाव होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. भावाला मी हेच पहिल्यांदा सांगितलं. बारावीच्या पोराने एका व्हिडिओच्या नादात एक पार्सल मागवलं तर पोलीस भरती, स्पर्धा, पासपोर्ट, सगळंच धोक्यात.

यावर त्याचा प्रश्न बरोबर होता: "मग आपले नेमबाज काय करतात?"

आपले नेमबाज गोळी बनवत नाहीत, निवडतात

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. फायनलमधला स्कोअर ४५१.४. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या.

या स्पर्धांमध्ये पॉइंट टू-टू रायफल वापरतात. तिच्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. पेटणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, आणि पिन त्या कडेवर आपटते. एकदा ती कड चेमटली की पुंगळी संपली. म्हणजे जगातला कुठलाही नेमबाज असो, ही गोळी नेहमीच्या पद्धतीने हाताने पुन्हा भरता येत नाही. ती कारखान्यातून येते तशीच वापरायची.

मग अचूकता वाढवायची कशी? बॅच तपासून.

स्पर्धेच्या गोळ्या बनवणाऱ्या एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या डब्यावर बॅचचा नंबर छापलेला असतो. एकाच नावाची, एकाच किमतीची गोळी, पण दोन बॅचमध्ये सूक्ष्म फरक असतो. आणि गंमत म्हणजे एका रायफलला आवडलेली बॅच दुसऱ्या रायफलला आवडेलच असं नाही, कारण प्रत्येक नळी थोडी वेगळी असते. म्हणून नेमबाज रायफल घेऊन चाचणी केंद्रात जातात. एलीचं केंद्र इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आहे, लापुआचं जर्मनीत श्योनेबेकला. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, म्हणजे माणसाचा हात आणि श्वास हिशोबातून निघून जातो. मग ५० मीटरवर एकेक बॅच मारून बघतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीची जागा नोंदवतं. चांगली बॅच सापडली की तिचा मोठा साठा घेऊन ठेवतात, कारण ती संपली की तशीच पुन्हा मिळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? ५० मीटर टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिमी व्यासाचं असतं. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, आणि ०.८ मिमी सरकलं की ०.१ गुण जातो. आता मघाचंच सूत्र लावा. एक गोळी ३३० मीटर प्रतिसेकंदाने सुटली आणि दुसरी ३२० ने, तर ५० मीटरवर दुसरी साधारण ७ मिमी खाली. नेम तोच, श्वास तोच, घोडा तसाच दाबला, पण १०.९ च्या जागी १०.१. दोष नेमबाजाचा नाही, डब्याचा.

थोडक्यात, हँडलोडिंग करणारा गोळी बदलून बघतो आणि आपला नेमबाज बॅच बदलून बघतो. दोघांचा खरा प्रश्न एकच: "हे त्यापेक्षा खरंच चांगलं आहे, की आज फक्त नशीब चांगलं होतं?"

तीन गोळ्यांचा ग्रुप का फसवतो?

फोनवर लुडो उघडा. फासा तीनदा टाका. समजा ४, ४, ५ पडलं. आता कुणी म्हणालं, "बघा, हा फासा फक्त चार-पाचच टाकतो, एकदम स्थिर आहे!" तर तुम्ही हसाल. पण तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून येणं, म्हणजे सारखे किंवा शेजारचे येणं, हे दर सहा वेळांतून एकदा घडतं. तोच फासा दहा वेळा टाकून सगळे आकडे असे चिकटून येणं जवळपास १२ हजारांतून एकदा.

गोळ्यांचंही तसंच. ग्रुपचा आकार म्हणजे सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत. गोळ्या जितक्या जास्त, तितका ग्रुप मोठा होणारच. रायफल तीच, गोळी तीच, पण तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी १० मिमी असेल तर दहा गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी सुमारे १६ मिमी येते. आणि तीन गोळ्यांचे ग्रुप एकामागून एक मारले तर एक ६ मिमीचा, एक १४ मिमीचा असं सहज होतं. व्हिडिओ बनवणारा त्यातला ६ मिमीचा दाखवतो. तो खोटं बोलतो असं नाही, बऱ्याचदा त्याचा स्वतःचाही विश्वास बसलेला असतो.

वेगाचंही असंच आहे. पाच गोळ्यांचा वेग मोजून ॲपने प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ३ दाखवलं तर लोक खूश होतात. पण पाचच गोळ्यांवरून खरा आकडा १.८ ते ८.६ मध्ये कुठेही असू शकतो, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. वीस गोळ्यांवरून तेच ३ आलं तर खरा आकडा २.३ ते ४.४ च्या आसपास. स्क्रीनवर दोन्ही वेळा "३" च दिसतं. फरक स्क्रीन सांगत नाही, तो आपल्याला माहीत असावा लागतो.

कारखान्यात हेच होतं. तीन पार्ट मोजून मशीन ओके म्हणणाऱ्या माणसाला आमच्या विभागात कुणी ठेवणार नाही.

माझी स्वतःची चूक

मीही यात फसलोय. गेल्या वर्षी भावासाठी छर्रे घ्यायचे होते. दोन लॉटचे डबे मागवले, प्रत्येकी पाच छर्रे मारले. एकाचा ग्रुप ५ मिमी, दुसऱ्याचा ८. मी लगेच पहिल्या लॉटचे दहा डबे घेऊन टाकले. भावाचे वर्षभराचे साठवलेले पैसे त्यात गेले.

नंतर मनात आलं, आपण ऑफिसात जे करतो ते इथे का केलं नाही? मग दोन्ही डब्यांवर कागद चिकटवला, एकावर "क" आणि दुसऱ्यावर "ख" लिहिलं. कुठला कोणता ते फक्त मला माहीत. भावाने रायफल टेकूवर ठेवून दोन दिवसांत प्रत्येकी ४० छर्रे मारले. ग्रुपच्या मध्यापासून भोकांचं सरासरी अंतर निघालं २.६ मिमी आणि २.५ मिमी. काहीच फरक नाही. दहा डबे वाया गेले नाहीत, छर्रे चांगलेच होते. पण निम्म्या पैशात दुसरा लॉट घेतला असता तरी चाललं असतं, आणि उरलेल्या पैशात त्याचा शूटिंगचा जाकीट झाला असता. तो अजून उसना जाकीट घालून मारतो.

तुम्ही खरी चाचणी कशी कराल?

४.५ मिमी पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. तरीही ती खेळणं नाही. चाचणी रेंजवर, प्रशिक्षकांसमोर, डोळ्यांना चष्मा लावूनच करा. गच्चीवर किंवा शेतात नको.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. छर्रा बदलला तर रायफल, टेकू, अंतर, माणूस सगळं तेच.

२. छर्ऱ्याच्या डब्यावर डोक्याचं माप असतं: ४.४९, ४.५०, ४.५१ असं. वजन आणि लॉट नंबरही लिहून घ्या. डब्याचा फोटो काढलात तरी चालेल.

३. नवा छर्रा सुरू केल्यावर पहिले दहा मोजू नका. नळीला नव्या छर्ऱ्याची सवय होऊ द्या.

४. दोन लॉट आलटून पालटून मारा. दहा "क", दहा "ख", पुन्हा दहा "क". सगळे "क" सकाळी आणि सगळे "ख" दमल्यावर मारले तर तुम्ही छर्रा नाही, थकवा मोजताय.

५. प्रत्येकी किमान २० छर्रे मारा. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी.

६. एकही भोक वगळू नका. "हा माझ्या चुकीमुळे गेला" असं टार्गेट बघण्याआधी म्हणालात तरच तो वगळायचा. बघून झाल्यावर म्हणालात तर तो मोजायचा.

७. टार्गेटशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोनने फोटो काढा. फोन टार्गेटला अगदी समांतर धरा, टार्गेट फ्रेमच्या मधोमध घ्या. कोनात काढलेला फोटो मिलिमीटर खातो. मग ग्रुप मोजणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये पट्टीवरून माप सेट करा.

८. फक्त सर्वात लांबच्या दोन भोकांवर जाऊ नका. मध्यापासूनचं सरासरी अंतर बघा. त्यात सगळी भोकं धरली जातात, म्हणून तो आकडा जास्त भरवशाचा.

दोन लॉटमध्ये फरक अगदी थोडा आला तर सरळ स्वस्त लॉट घ्या. "फरक नाही" हेही उत्तरच आहे, आणि बऱ्याचदा तेच पैसे वाचवतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्रोनोग्राफ लागतोच का?
सुरुवातीला नाही. हल्ली फोनला जोडता येणारे छोटे रडार क्रोनोग्राफ मिळतात, पण ते महाग आहेत. आधी कागदावरचा ग्रुप नीट मोजायला शिका.

छर्रे तोलून वेगळे केले तर फायदा होतो का?
स्पर्धेचे चांगले छर्रे आधीच बरेच एकसारखे असतात. करून बघायचं असेल तर वरचीच पद्धत वापरा: २० तोललेले, २० न तोललेले, डब्यावर कागद.

बॅलिस्टिक ॲप अचूक असतात का?
ॲपचं गणित बरोबर असतं. पण तुम्ही पाच गोळ्यांवरून काढलेला वेग टाकलात तर उत्तरही तेवढंच कच्चं येणार.

शेवटी

भावाने तो व्हिडिओ डिलीट केला नाही. पण परवा त्याने मला दुसरा एक व्हिडिओ पाठवला, त्यात कुणीतरी नवीन छर्ऱ्याचा भारी ग्रुप दाखवला होता. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "दादा, किती छर्रे मारले ते सांगितलंच नाही याने."

मोबाइलची बॅटरी असो, कॅमेरा असो की रायफलची गोळी, कुणी एकच भारी निकाल दाखवला की तुम्हीही हाच प्रश्न विचारा: किती वेळा करून बघितलं?